स्वस्तातलं स्कीइंग: कोकणातून औली-गुलमर्गला निघण्याआधी

कोकणातून स्की शिकायला निघणाऱ्यांचं गणित पहिल्यांदा चुकतं ते तारखांत. मुलांना सुट्टी असते दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. दिवाळीत शिकायचे उतार कोरडे असतात. मे महिन्यात बर्फ उरतो तो फार उंचावर, तिथे शिकण्याची सोय नसते. नाताळच्या आठवड्यात बर्फ पडेलच याची खात्री नाही, गर्दीची मात्र आहे. स्कीचा खरा हंगाम जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा. नेमके तेव्हाच आंबा बागायतदार मोहोराच्या फवारणीत अडकलेले असतात, फेब्रुवारी सरता सरता काजू सुरू होतो आणि पाठोपाठ शिमगा येतो. पालखी घरी यायची असताना घराला कुलूप लावून बर्फात जाणारा माणूस आपल्याकडे मिळणं कठीण. हे सगळं वजा केलं की २० जानेवारी ते २० फेब्रुवारी एवढाच काळ हाती उरतो. मुलांची शाळा आठवडाभर बुडेल, ते आधीच मान्य करून टाका.

तरीही बर्फाची हमी कुणी देऊ शकत नाही. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांवर अवलंबून असतो आणि ते कधी रांगेने येतात, कधी महिना महिना फिरकत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये काश्मीरमधल्या गुलमर्गचे उतार ऐन हंगामात उघडे पडले होते. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. उत्तराखंडातल्या औलीला कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवलेली आहे, पण अशा यंत्रांना पाण्याइतकीच कडक थंडीही लागते, म्हणून तिच्या भरवशावर तिकिटं काढू नका. कोर्सचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: बर्फ नसेल तर पैसे परत मिळणार की पुढची तारीख? ‘बर्फ असतोच, साहेब’ हे उत्तर धरायचं नाही.

आता स्वस्त म्हणजे नेमकं काय मिळतं ते. परदेशी व्हिडिओंत दिसतात तसे रोज रात्री यंत्राने सारखे केलेले मैलोन्मैल उतार आणि डझनभर लिफ्ट इथे नाहीत. औलीत साधारण ८०० मीटरची चेअरलिफ्ट, सुमारे ५०० मीटरची स्की लिफ्ट आणि एक मुख्य उतार, एवढाच कारभार आहे. उंची साधारण २,५०० ते ३,००० मीटर, समोर नंदादेवी. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात याहून जास्त लागतही नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. खाली नवशिक्यांचे सौम्य उतार आणि खेचणाऱ्या लिफ्ट, वर दोन टप्प्यांचा गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३,९५० मीटर. मनालीजवळच्या सोलंगला उतार छोटा आणि त्यावर स्लेज, घोडे, फोटो काढणारे यांची झुंबड. बर्फ बघायला सोलंग ठीक आहे, शिकायला औली किंवा गुलमर्गचा खालचा भाग बरा, असं माझं मत.

गुलमर्गला गेल्यावर अफरवटला स्की घेऊन जायचा मोह होतो. पहिल्याच वेळी जात असाल तर करू नका. तिथे खाली यायला आखलेली, दाबून सारखी केलेली वाट नसते; मऊ, खोल बर्फ असतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. अनुभवी लोकही तिथे बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि स्थानिक गाइड घेऊन उतरतात. वरून दिसणारे डोंगर बघायचे असतील तर साध्या बुटांनी गंडोलात बसून जा आणि गंडोलातूनच खाली या.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी शिकवणारा, मग बूट, मग हातमोजे आणि गॉगल, आणि सर्वांत शेवटी हॉटेल. बहुतेक लोक उलटं करतात. दरीकडे तोंड केलेली खोली घेतात आणि उतारावर भेटेल त्याच्याकडून तासाभराची स्की भाड्याने घेतात. या तासाभरात होतं काय, तर तो माणूस बूट चढवून देतो, हात धरून वीस-तीस मीटर ओढतो, फोटो काढतो आणि बूट उतरवतो. शिकणं शून्य. सगळ्यांत स्वस्त पडतो तो संस्थेचा निवासी कोर्स. औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स चालवत आलं आहे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था. राहणं, जेवण, सामान आणि शिकवणं एकत्र असेल तर दिवसाचा हिशेब सुट्या खर्चाच्या बराच खाली येतो. त्या बदल्यात सामायिक खोली, पहाटेची हजेरी आणि साधं जेवण पत्करावं लागतं. वैद्यकीय दाखला आणि वयाची अट असते, ती अर्ज करतानाच वाचा. जागा लवकर भरतात.

कोर्स जमत नसेल तर पाच दिवसांसाठी एकच खासगी प्रशिक्षक ठरवा. रोज नवा माणूस घेतला तर रोज पहिला धडाच होतो. पहिला दिवस बुटात चालणं, एका स्कीवर सरकणं, पडणं आणि उठणं यात जातो. दुसऱ्या दिवशी सरळ घसरणं आणि थांबणं. तिसऱ्या दिवशी वळणं सुरू होतात आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो, कारण पाय भरून आलेले असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी वळणाला वळण जोडलं जातं. दोन दिवसांच्या पॅकेजात हे बसतच नाही.

भाड्याच्या दुकानात घाई करू नका. सामान जुनं असणार, त्याला इलाज नाही. पण जुनं आणि खराब यांत फरक आहे. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून घरीच भिंतीला टाच लावून पावलाची लांबी मोजून ठेवा. दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते बघा. एक ते दोन बोटं मावली तर माप बरोबर. त्याहून जास्त असेल तर टाच उचलली जाईल आणि स्की वळणारच नाही. अस्तरासकट घातल्यावर उभं राहिलं की अंगठा पुढे टेकतो, गुडघे वाकवले की किंचित मागे येतो, तसंच हवं. नवा माणूस हमखास ‘घट्ट होतंय’ म्हणून एक नंबर मोठा बूट मागतो आणि दुकानदार देतोही.

पायमोजा एकच आणि पातळ, गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचा. थंडी म्हणून दोन-तीन जोड घातले की आत वळ्या पडतात, रक्त कमी फिरतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, तीही नडगीला रुतते. बूट घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, वरून दुसरं बकल आधी आवळा, मग वरचं, आणि खालची दोन नुसती अडकवा. पाय बधिर होऊ लागला तर खालची सैल करा, वरची नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी खटकी. तिच्यावर पुढे-मागे आकडे असतात. ते लावताना दुकानदाराने तुमचं वजन, उंची, वय विचारायला हवं, नवशिके आहात का हे विचारायला हवं, आणि बुटाच्या टाचेशी मिलिमीटरमध्ये छापलेली तळाची लांबी बघायला हवी. न विचारताच स्की हातात ठेवली तर तुम्हीच सांगा आणि आकडा लावून घ्या. तो जास्त राहिला तर पडताना बूट सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. कमी राहिला तर चालत्या स्कीतून पाय सुटतो. पुढचे-मागचे आकडे दोन्ही पायांना सारखे आहेत ना बघा. स्कीची लांबी नवशिक्याला छाती ते हनुवटीच्या दरम्यान पुरे. काठी उलटी धरून, चकतीखाली मूठ ठेवल्यावर कोपर काटकोनात आलं की काठी बरोबर. स्कीचा तळ पांढरट, कोरडा दिसला तर मेण संपलेलं असतं; ओलसर बर्फात ती चिकटून थांबते आणि तुम्ही तोंडावर येता. लोखंडी कडेवर नख आडवं फिरवा. नखाचा कीस निघाला तर धार आहे. धार नसेल तर सकाळच्या कडक बर्फावर ब्रेक लागत नाही. हेल्मेट मागाच, लहान मुलांसाठी तर त्यावाचून उतरायचंच नाही. मोटारसायकलचं हेल्मेट चालत नाही. ते जड असतं, त्यात बाजूचं दिसत नाही आणि मागून दिलेली हाक ऐकू येत नाही.

कपड्यांवर मात्र कोकणी माणूस पैसे वाचवू शकतो. स्कीची पँट विकत घ्यायची गरज नाही. अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, आणि सर्वांत वर आपला पावसाळी जॅकेट-पँटचा चांगला, शिवणीवर पट्टी मारलेला सेट, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. दोन अडचणी लक्षात असू द्या. हे कापड घाम बाहेर सोडत नाही, म्हणून चढताना चेन उघडी ठेवायची. आत भिजलात की थांबल्यावर हुडहुडी भरते. दुसरं, ते गुळगुळीत असतं, उतारावर पडलात की घसरत लांब जाता. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. लोकरीचे हातमोजे तासाभरात ओले होतात, म्हणून पाणी न शिरणाऱ्या हातमोज्यांवर पैसे घाला आणि एक जादा जोड खिशात ठेवा. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला भाजतं. सनस्क्रीन तिथेही लावा. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका. ते २४ अंशांच्या आसपासच थिजतं, तिथे तर दगड होईल. ओठांना पेट्रोलियम जेली पुरते.

उतारावरची सगळ्यांत मोठी अडचण डोक्यात असते. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना आपण अंग मागे टाकून, टाचेवर भार देत उतरतो. जन्मभराची सवय आहे ती. स्कीवर तीच सवय पाडते. भार मागे गेला की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, ते ना वळतं ना थांबतं, आणि वेग वाढतो. वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे रेलतो. प्रशिक्षक दिवसभर ‘आगे, आगे’ ओरडत असतो ते याचसाठी. खूण सोपी आहे: नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली जाणवली पाहिजे. पोटरी मागे टेकली की समजा, तुम्ही मागे गेलात. हात समोर, दोन्ही दिसतील असे ठेवा. नजर दहा-पंधरा मीटर पुढे, स्कीच्या टोकांकडे नाही.

थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची एकमेकांपासून दूर, असा पुढे निमुळता आकार करायचा. प्रशिक्षक याला सरळ ‘पिझ्झा’ म्हणतात. टोकांत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवा. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. टोकं एकमेकांवर चढत असतील तर बहुधा गुडघे आत पडलेले असतात किंवा एकाच पायावर भार असतो. वळणासाठी उलटा हिशेब: उजवीकडे जायचं तर डाव्या पायावर भार. खांदे फिरवून वळायचा प्रयत्न सगळेच करतात. त्याने अंग फिरतं, स्की सरळच जाते.

पडायचं तर कुशीवर, डोंगराच्या बाजूला. मागे बसायला जाऊ नका. अर्धवट बसलेल्या अवस्थेत गुडघ्याला पीळ पडला की आतला अस्थिबंध तुटतो, आणि तो तुटणं म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळाचं काम. पडता पडता उठू नका, घसरणं पूर्ण थांबू द्या. तळहात टेकून स्वतःला सावरायला गेलात तर मनगट किंवा काठीच्या पट्ट्यात अडकलेला अंगठा जातो. उठताना दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला बरोबर आडव्या आणा आणि मगच उठा. तिरक्या राहिल्या तर उभं राहताक्षणी पुन्हा घसरता. जमतच नसेल तर काठीने टाचेमागची कळ दाबून वरची स्की काढा. दोन्ही निघाल्या असतील तर पुन्हा घालताना खालची आधी, आणि बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून. तळाला बोटभर बर्फ चिकटला तरी खटका नीट बसत नाही आणि पुढच्या वळणावर सुटतो.

खेचणाऱ्या लिफ्टवर बसायचं नसतं, हे कुणी सांगत नाही. पायांमध्ये आलेली चकती मागून ढकलते. तुम्ही गुडघे सैल ठेवून नुसतं उभं राहायचं. बसलात की दोरी ताणली जाते आणि तुम्ही खाली. पडलात तर दांडा सोडा आणि लगेच वाटेतून बाजूला व्हा, मागचा माणूस येतच असतो. चेअरलिफ्टवर चढण्याआधी काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या एका हातात.

उतारावर पुढे, म्हणजे खाली असलेल्याचा मान पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची. हा नियम जगभरचा आहे, पण स्वस्त ठिकाणी खालच्या टप्प्यात चालणारे पर्यटक, स्लेज ओढणारे आणि सेल्फीवाले यांना तो माहीत नसतो. शेवटच्या पन्नास मीटरवर आधीच वेग कमी करून या. वेळेचंही तंत्र आहे. नऊ वाजता बर्फ काचेसारखा कडक, साडेदहा ते दोन उत्तम, त्यानंतर उन्हाच्या बाजूला चिखल आणि सावलीत पुन्हा कडक. थकलेल्या पायांनी मारलेल्या ‘शेवटच्या’ फेरीत गुडघे दुखावतात. पाय थरथरू लागले की स्की काढायची.

समुद्रसपाटीवरून एकदम तीन हजार मीटरवर गेल्यावर हवेचा दाब जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असतो. पहिली रात्र जोशीमठला (साधारण १,९०० मीटर) किंवा श्रीनगरला काढा. पहिल्या दिवशी डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं चालतं. उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर खाली उतरा, गोळी घेऊन थांबू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगूनच विचारावं. पायांची तयारी सहा आठवडे आधी: भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, उठाबशा, आणि गडाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव. मांडीचा पुढचा स्नायू उतरतानाच खरा कामाला लागतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यातला भात टचटचीत लागू शकतो. कुकरचा भात आहे का विचारा. गढवालात राजमा-भात सगळीकडे, काश्मीरमध्ये भात रोजचाच, त्यामुळे भातखाऊ माणसाचं अडत नाही. मासळीचं विसरा. कुळथाचं पीठ आणि आमसुलं पिशवीत टाका. गरम पाणी मागितलं की पिठी होते. खोली बहुधा बुखारीने (धुराचा पाइप असलेल्या शेगडीने) किंवा विजेच्या चादरीने गरम करतात. वीज गेली की चादर संपली, म्हणून जादा रजई आधीच मागून ठेवा. बुखारी बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. तिचा धूर बाहेर नेणारा पाइप गळका असेल तर जीव जातो.

प्रवासात रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीअखेरच्या प्रवासासाठी नोव्हेंबरअखेर बसा. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन, तिथून हरिद्वार, आणि हरिद्वारहून जोशीमठ साधारण पावणेतीनशे किलोमीटर, अख्खा दिवस. पहाटे निघा, अंधार पडल्यावर घाटात राहू नका. सिंधुदुर्गातल्यांना मोपाहून दिल्लीचं विमान सोयीचं. जोशीमठ ते औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये गावातली जमीन खचल्यावर बंद ठेवला गेला होता; तो मिळेल असं धरून आखणी करू नका, रस्त्याने साधारण पंधरा किलोमीटर जीपचा खर्च धरा. काश्मीरला जाणार असाल तर बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. तंगमर्गच्या वर बर्फात साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात, त्यांचं भाडं वेगळं. परतीत एक दिवस मोकळा ठेवा. बर्फाने रस्ता किंवा विमान अडलं तर त्याच रात्रीची कोकणची गाडी हमखास चुकते आणि तत्काळमध्ये जागा मिळत नाही. प्रवास विम्यात स्कीइंग वगळलेलं असतं का, तेही बघा. बऱ्याच साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

सामान परत करताना भांडण नको असेल तर घेतानाच स्कीच्या तळाचे आणि कडांचे फोटो काढून ठेवा, अनामत किती दिली त्याची पावती घ्या आणि मूळ आधार कार्ड तारण म्हणून देऊ नका, झेरॉक्स द्या. शेवटच्या दिवशी हातमोजे आणि फ्लीस खोलीत पूर्ण वाळवूनच भरा. ओले भरलेत आणि घरी आल्यावर आठवडाभर बॅग तशीच राहिली, तर आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि तो वास दोन धुण्यांतही जात नाही.